मांजर घर कसं मोजतं?

तुमचं घर केवढं, असं विचारलं की मोठी माणसं चटकन चौरस फूट सांगतात. म्हणजे काय, तर फरशी मोजतात! मांजराचा हिशेब निराळा. कपाटाचा माथा, फ्रिजची पाठ, माळ्याची कड, सगळं त्याच्या लेखी घरच. मांजर शिकारी खरं, पण लहानखुरं. मोठ्या जनावरांची भीती त्यालाही असतेच. उंचावर बसलं की भक्ष्यही दिसतं आणि शत्रूही. म्हणून वन-रूम-किचनमध्ये खाली पाय ठेवायला जागा नसली, तरी मांजराची सोय होते. वर भिंती रिकाम्याच असतात की!

मग फळ्या ठोकल्या की झालं? थांबा, आधी सोफा बघा. त्याचे हात पार ओरबाडलेत ना? आपण ओरडतो, पण मांजराचं ते रोजचं काम आहे. ओरबाडताना नखावरचं जुनं टरफल निघून पडतं. (सोफ्याखाली शोधा, चंद्रकोरीसारखं पोकळ टरफल सापडेल.) पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो, म्हणजे 'ही जागा माझी' अशी पाटीच. शिवाय अंग ताणून झकास आळस देता येतो. सोफा जड असतो, ओढला तरी हलत नाही, म्हणून तो लाडका! त्याऐवजी ओरबाडायला हलका, बुटका खांब आणाल तर तो डुगडुगेल आणि मांजर त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

तेव्हा खांबाचा ओरबाडायचा भाग निदान तीन फूट उंच हवा, त्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेली हवी आणि पाया रुंद नि जड हवा. वस्तूचा गुरुत्वमध्य पायाच्या बाहेर गेला की ती कलंडते. पाया रुंद असला की तो सहजी बाहेर जात नाही. भाड्याच्या घरात तर असा उभा खांबच बरा. भिंतीला भोकं पाडली की घरमालक रागावतात!

खांबाला मात्र ओळीने भोकं पाडा आणि फळ्या खुंट्यांवर बसवा. पिल्लू असेल तर फळ्या जवळजवळ. तरणं मांजर चार-पाच फूट सहज उडी मारतं, मग अंतर वाढवा. म्हातारपणी त्याचे सांधे दुखू लागले, की फळ्या पुन्हा जवळ. खांब तोच, नुसत्या खुंट्या सरकवायच्या.

एका फळीवर पुठ्ठ्याचा खोका बसवा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले. खोकेवाली मांजरं नव्या जागेत लवकर रुळली. पुठ्ठ्याच्या नागमोडी थरांत हवा अडकते, त्यामुळे आत ऊबही राहते.

फक्त सगळ्यात वरची फळी पंख्याच्या पात्यांपासून लांब ठेवा, आणि खिडकीजवळ खांब ठेवणार असाल तर आधी बाबांकडून जाळी बसवून घ्या.