विश्लेषण : छोट्या एलईडी बॅटरीचे बटण आणि दिवा बदलता येतो का? कधी बदलावा, कधी नको?

ग्रामीण महाराष्ट्रात टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्यात घालायच्या बॅटऱ्यांना ‘सेल’. कृषिपंपांना अनेक भागांत रात्रीच्या पाळीत वीज मिळते, त्यामुळे पाणी धरायला जाणाऱ्याच्या हातात ही बॅटरी असतेच. सह्याद्रीत रात्री गड चढणाऱ्यांच्या पिशवीत आणि शहरात वीज गेल्यावर स्वयंपाकघराच्या खणातही ती सापडते. मात्र काही महिन्यांत ती लुकलुकू लागते, उजेड मंदावतो किंवा बटण दाबूनही लागत नाही. मग ती फेकली जाते आणि नवी येते.

प्रत्यक्षात अशा अनेक टॉर्चमध्ये बिघडलेला भाग एकच असतो आणि बहुतेकदा तो म्हणजे बटण. ते बदलता येते, आतला एलईडीही बदलता येतो. त्यासाठी थोडे गणित आणि थोडी काळजी लागते.

टॉर्चच्या आत नेमके काय असते?

धातूच्या नळीच्या छोट्या टॉर्चमध्ये पाच मुख्य भाग असतात : सेल, बटण, ड्रायव्हर म्हणजे विद्युतप्रवाह नियंत्रित करणारे नाण्याएवढे सर्किट, एलईडी आणि त्यासमोरचा रिफ्लेक्टर किंवा भिंग. बटण मागच्या झाकणात असेल तर सेलच्या ऋण टोकाकडचा प्रवाह स्प्रिंग, बटण आणि टॉर्चच्या धातूच्या अंगातून डोक्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे टॉर्चचे अंग हीच एक तार असते. झाकणाच्या आट्यांवर माती किंवा गंज चढला तरी टॉर्च लुकलुकते ती यामुळेच.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. निळा प्रकाश देणारी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर अशी त्याची रचना असते. जपानच्या निचिया कंपनीने १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला आणि १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आणला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

बटणांचे प्रकार किती आणि फरक काय?

पहिला प्रकार ‘फॉरवर्ड क्लिकी’. हे बटण अर्धे दाबले की दिवा लागतो, बोट काढले की विझतो. पूर्ण दाबून ‘टक’ आवाज झाला की लागलेलाच राहतो. क्षणभर उजेड हवा असेल किंवा लांबच्या माणसाला खूण करायची असेल तर हे सोयीचे.

दुसरा ‘रिव्हर्स क्लिकी’. यात पूर्ण दाबून बोट सोडल्यावर दिवा लागतो. लागल्यानंतर अर्धे दाबले की प्रवाह क्षणभर तुटतो. ड्रायव्हर ती खूण ओळखून उजेडाची पातळी बदलतो. कमी, मध्यम, जास्त असे पर्याय देणाऱ्या अनेक टॉर्चमध्ये हेच बटण असते. त्यामुळे एका प्रकाराच्या जागी दुसरा बसवताना ड्रायव्हर पाहावा लागतो. असा ड्रायव्हर असताना फॉरवर्ड बटण बसवले, तर पातळी बदलण्यासाठी दिवा बंद करून पुन्हा लावावा लागतो.

तिसरा प्रकार डोके पिळून लावायच्या टॉर्चचा. त्यात बटणच नसल्याने बिघडण्यासारखे कमी, पण एका हाताने वापरणे अवघड.

चौथा इलेक्ट्रॉनिक बटणाचा. हे बहुधा अंगावर बाजूला असते. त्यातून मुख्य प्रवाह जात नाही. ते फक्त आतल्या चिपला संदेश देते. मात्र ती चिप सतत जागी असल्याने टॉर्च बंद असतानाही सेल थोडा खर्च होत राहतो. हा खर्च २० मायक्रोअँपिअर असेल तर ३,००० एमएएचचा सेल कागदावर १७ वर्षे पुरेल, म्हणजे चिंता नाही. पण तोच खर्च १ मिलिअँपिअर असेल तर सेल चार महिन्यांत रिकामा होतो. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या टॉर्चसाठी हा फरक मोठा आहे. अशा अनेक टॉर्चचे मागचे झाकण अर्धा फेरा सैल केले की प्रवाह पूर्ण तुटतो.

बटणामुळे उजेड कमी होतो का?

होतो. प्रत्येक बटणात आणि स्प्रिंगमध्ये थोडा विद्युतरोध असतो. दोन्ही मिळून ०.१ ओहम धरला, तर २० मिलिअँपिअरवर चालणाऱ्या जुन्या छोट्या एलईडीसाठी त्याचा परिणाम नगण्य असतो. पण आजच्या ताकदवान एलईडीतून ३ अँपिअर प्रवाह गेला तर तिथे ०.३ व्होल्ट खर्च होतात आणि जवळपास १ वॅट उष्णता बटण आणि स्प्रिंगमध्येच तयार होते. लिथियम सेल निम्मा रिकामा झाल्यावर सुमारे ३.७ व्होल्ट देतो आणि एलईडीला ३.३ व्होल्टच्या आसपास हवे असतात. अशा वेळी ०.३ व्होल्ट गमावणे म्हणजे उजेड मंदावणे.

म्हणून टॉर्चचे हौशी दुरुस्तीकार ‘स्प्रिंग बायपास’ करतात. स्प्रिंगच्या दोन टोकांमध्ये सिलिकॉन वेष्टनाची लवचिक तांब्याची तार सोल्डर केली जाते. दाब देण्याचे काम स्प्रिंग करते आणि प्रवाह तारेतून जातो. छोट्या टॉर्चमधला हा सर्वांत स्वस्त बदल. तार स्प्रिंगच्या हालचालीत अडकणार नाही, इतकी मोकळी ठेवावी लागते.

बटणावर ‘१.५ अँपिअर, २५० व्होल्ट’ असे लिहिलेले असते. हा आकडा घरगुती विजेच्या दाबासाठी असतो. ४ व्होल्टवर प्रवाह तोडताना ठिणगी फार कमी उडते, त्यामुळे असे बटण थोडा जास्त प्रवाह सहन करते. तरीही ३ अँपिअरच्या पुढे गेल्यास मोठ्या क्षमतेचे बटण किंवा इलेक्ट्रॉनिक बटण हाच योग्य मार्ग.

बटण बिघडले, हे कसे ओळखायचे?

मागचे झाकण काढून तारेच्या एका तुकड्याने सेलचे उघडे ऋण टोक आणि नळीची धातूची कड क्षणभर जोडावी. रंग किंवा मुलामा नसलेला भाग निवडावा. दिवा लागला तर सेल, ड्रायव्हर आणि एलईडी ठीक आहेत. दोष झाकणात आहे. ही चाचणी फक्त बटण मागच्या झाकणात असलेल्या टॉर्चसाठी.

बटण बदलण्याआधी आटे आणि संपर्काच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहाव्यात. झाकणातली आट्यांची कडी सैल झाली असेल तर दोन टोकांच्या चिमट्याने घट्ट करावी. अनेक टॉर्च एवढ्यावरच सुरू होतात. नवे बटण घेताना त्याची लांबी, रुंदी, उंची आणि पायांमधले अंतर मोजून न्यावे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्स बाजार येथे सुटे भाग मिळतात.

एलईडी निवडताना ल्युमेन पाहावे की अंतर?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती लांब जाईल, हे कँडेलावर ठरते. ‘एफएल १’ या अमेरिकी मानकानुसार उजेड ०.२५ लक्सपर्यंत घटतो ते अंतर म्हणजे टॉर्चचा पल्ला. हा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. कँडेलाचे वर्गमूळ काढून दुपटीने गुणले की हे अंतर मीटरमध्ये मिळते : १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात.

रिफ्लेक्टर तोच ठेवला तर लहान आणि तेजस्वी चिप लांब झोत टाकते, मोठी चिप जवळचा परिसर उजळते. क्री कंपनीचा ‘एक्सएम-एल’ ५ मिमी चौरसाचा, तर ‘एक्सपी-जी’ ३.४५ मिमी चौरसाचा. ओसरामचे सुमारे १ चौरस मिमी चिपचे, घुमट नसलेले एलईडी खास लांब झोतासाठी वापरले जातात. बांधावरून चालताना पायापुढचे दहा मीटर स्वच्छ दिसणे महत्त्वाचे. तिथे लांब झोत फारसा उपयोगी नाही.

प्रकाशाच्या रंगाने काय फरक पडतो?

दोन आकडे पाहावेत. पहिला केल्विन : ६,५०० केल्विनचा प्रकाश निळसर पांढरा, ४,००० चा तटस्थ आणि ३,००० चा पिवळसर. दुसरा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक. कमाल १००. स्वस्त टॉर्चमधील अनेक एलईडी ७० च्या आसपास असतात. निचियाचे ‘२१९बी’ आणि ‘५१९ए’ यांचे उच्च-सीआरआय प्रकार, तसेच सॅमसंगचा ‘एलएच३५१डी’चा तसा प्रकार ९० च्या घरात आहेत.

निळसर, कमी सीआरआयच्या उजेडात तपकिरी, लाल आणि मातकट छटा एकमेकींत मिसळतात. तपकिरी घोणस सुक्या पाल्यात सहज लपते. मण्यार काळसर असते आणि रात्रीच फिरते. रात्री वाट तुडवणाऱ्यासाठी रंगांचा हा फरक केवळ हौसेचा नाही. अर्थात, चांगल्या एलईडीने साप दिसेलच असे नाही. बूट आणि हातातली काठी यांना तो पर्याय नाही. उच्च सीआरआयचा एलईडी तेवढ्याच विजेत थोडे कमी ल्युमेन देतो, हेही लक्षात ठेवावे.

एलईडी बदलताना कोणत्या गोष्टी जुळाव्या लागतात?

तीन. पहिली आकार : ३.५ मिमी आणि ५ मिमी एलईडीचे पाय वेगवेगळे असतात आणि रिफ्लेक्टरचे भोकही. दुसरी व्होल्टेज : बहुतेक एलईडी ३ व्होल्टच्या घरात चालतात, पण क्रीचा ‘एक्सएचपी३५’ १२ व्होल्टचा आहे आणि ‘एक्सएचपी५०’ ६ किंवा १२ व्होल्टवर चालतो. एका सेलच्या साध्या ड्रायव्हरवर ते लागणारच नाहीत. तिसरी प्रवाह : लोकप्रिय ‘एएमसी ७१३५’ चिप प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर देते, म्हणजे ड्रायव्हरवर आठ चिप असतील तर २.८ अँपिअर. ‘२१९बी’ची कमाल मर्यादा १.५ अँपिअर आहे. तो अशा ड्रायव्हरला जोडला तर आयुष्य घटते आणि उष्णता वाढते.

उष्णता हाच इथला खरा प्रश्न. एलईडीला दिलेल्या विजेचा बराच भाग उष्णतेत जातो. म्हणून तांब्याची, थेट उष्णता वाहून नेणारी चकती निवडावी. चकती आणि टॉर्चच्या अंगामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा.

नवशिक्याने सुटा एलईडी न घेता चकतीवर बसवलेला तयार एलईडी घ्यावा. समोरची कडी सोडवून काच आणि रिफ्लेक्टर बाजूला काढावेत, जुन्या तारांचे टाके वितळवावेत, नवी चकती बसवून धन आणि ऋण तारा जोडाव्यात. एलईडीच्या घुमटावर बोट किंवा चिमटा टेकवू नये. सोल्डरचे टाके धातूच्या रिफ्लेक्टरला लागले तर शॉर्ट होते. म्हणून मधली प्लास्टिकची चकती परत बसवायला विसरू नये. पहिली चाचणी सर्वांत कमी पातळीवर घ्यावी आणि झोताकडे थेट पाहू नये.

धोका कुठे आहे?

सेलमध्ये. १८६५० हा लिथियम सेल १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब असतो आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. सेल शॉर्ट झाला तर काही क्षणांत तापतो, पेटूही शकतो. वेष्टन फाटलेला किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला, इतिहास माहीत नसलेला सेल वापरू नये. सुटा सेल खिशात नाणी-किल्ल्यांसोबत ठेवू नये. १८६५० वर ‘९,९०० एमएएच’ लिहिले असेल तर तो आकडा खोटा समजावा. चांगल्या सेलची क्षमता साधारण २,५०० ते ३,६०० असते.

आणखी एक चूक नेहमी होते. १४५०० हा लिथियम सेल दिसायला साध्या पेन्सिल सेलएवढाच, पण ३.७ व्होल्टचा. १.५ व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये तो घातला तर ड्रायव्हर जळू शकतो. साधे अल्कलाइन सेल मात्र लांबच्या साठवणीत गळतात आणि संपर्काच्या जागा खातात. पावसाळ्यानंतर टॉर्च ठेवून देताना सेल काढून ठेवावेत.

मग कोणी काय करावे?

शेतात किंवा वाटेवर वापरणाऱ्यासाठी मागचे क्लिकी बटण, ४,००० ते ५,००० केल्विनचा उच्च सीआरआय एलईडी आणि मध्यम प्रवाह ही जोडी योग्य. ३,००० एमएएचचा सेल २.८ अँपिअरवर तासाभरात संपतो, पण ३५० मिलिअँपिअरवर आठ तासांहून अधिक चालतो. पाणी धरायची पाळी रात्रभराची असेल तर दुसरा आकडा महत्त्वाचा. धुक्यात चढणाऱ्या ट्रेकरने टॉर्च डोक्यावर न ठेवता कमरेजवळ धरावी. नाहीतर धुक्यावरून परतलेला उजेड डोळ्यांतच येतो. घरात क्वचित वापर असेल तर स्टँडबाय खर्च नसलेले साधे बटण बरे.

आणि दुरुस्ती कधी करू नये? नळी चिकटवून बंद केलेली असेल, अंगभूत चार्जिंगचा सेल फुगला असेल किंवा टॉर्चचे अंग प्लास्टिकचे असून ताकदवान एलईडी बसवायचा विचार असेल तेव्हा. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे नवा एलईडी आधी मंदावेल, मग जळेल. फुगलेला सेल घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. बाकी धातूच्या नळीची, उघडता येणारी टॉर्च हातात असेल, तर फेकण्याआधी तारेच्या तुकड्याची चाचणी नक्की करून पाहावी.