शेपर कुठल्या विषयाचा?

१८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त मोठं प्रदर्शन भरलं. मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलने तिथे आपल्या विद्यार्थ्यांच्या हातचे जॉब मांडले होते. त्या शाळेचे संचालक व्हिक्टर डेला-व्होस यांनी सुतारी, लोहारी, फिटिंग, टर्निंग यांचे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे धडे बांधले होते. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं उमेदवारी करण्याची गरज त्यामुळे उरली नाही. एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून इतके भारावले की परत जाऊन त्यांनी आपल्याकडे तशाच कार्यशाळा उभ्या केल्या. त्याच प्रदर्शनात जर्मनीचे प्रतिनिधी म्हणून फ्रान्झ रूलो हजर होते. जर्मन माल स्वस्त आणि वाईट आहे, असं तिथून स्पष्ट लिहून त्यांनी मायदेशी गदारोळ उडवून दिला. यंत्रातल्या गतीचं शास्त्र मांडणारा त्यांचा ग्रंथ इंग्रजीत आला तोही १८७६ सालीच. पेअर, साखळी, इन्व्हर्जन ही आज दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पाठ केलेली भाषा मुख्यतः त्यांची. त्यांच्या मांडणीवरून घडवलेली यंत्रणांची दोनशेहून जास्त पितळी-लोखंडी मॉडेलं १८८२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने विकत घेतली आणि ती अजूनही तिथे आहेत.

मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमातले दोन जुने विषय असे एकाच गावात, एकाच हंगामात मुक्कामाला होते. आपल्याकडे मात्र ते आले दोन वेगळ्या दारांनी. ‘मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेस’ गेला वर्कशॉपच्या शेडमध्ये, ‘थिअरी ऑफ मशीन्स’ म्हणजे मुलांच्या बोलीतला ‘टॉम’ गेला फळ्यावर. शिक्षक वेगळे, जर्नलं वेगळी, एक्स्टर्नलही वेगळे. माझ्या मते आपल्या यांत्रिकी शिक्षणातलं सर्वांत महागात पडलेलं विभाजन हेच.

मुळात ते अपरिहार्य नव्हतं. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या नावातच ‘इंजिनिअरिंग क्लास’ आणि ‘मेकॅनिकल स्कूल’ शेजारी शेजारी होते. तीच पुढे सीओईपी झाली. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये (स्थापना १८८७) लक्ष्मणराव किर्लोस्कर यांत्रिक ड्रॉइंग शिकवत. चित्रकला शिकायला गेलेला, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ड्रॉइंगकडे वळलेला हा मास्तर पुढे लोखंडी नांगर ओततो आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवतो. कागदावरच्या रेषेपासून भट्टीपर्यंतचं अंतर त्याने एका आयुष्यात कापलं. आणखी जवळचा दाखला पुस्तकांचा. आयआयटी कानपूरच्या अमिताभ घोष आणि अशोककुमार मल्लिक या जोडीने यंत्रणाशास्त्रावर पुस्तक लिहिलं आणि मॅन्युफॅक्चरिंग सायन्सवरही त्यांनीच. ग्रंथालयात मात्र ती दोन वेगवेगळ्या कपाटांत असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं खुर्मी-गुप्ता आणि हाजरा-चौधुरी उघडतात, तिथे तर ही ओळखही होत नाही.

शेपरचंच घ्या. वर्कशॉपमध्ये तो एक ओबडधोबड यंत्र आहे. रॅम पुढे येतो, टूल बिडाच्या ठोकळ्यावरून चिपा काढतं. मागे जाताना क्लॅपर बॉक्समुळे टूल किंचित उचललं जातं. मुलगा जर्नलमध्ये लिहितो, ‘क्विक रिटर्नमुळे वेळ वाचतो’, आणि सही घेतो. टॉमच्या तासाला हाच शेपर ‘क्रँक अँड स्लॉटेड लीव्हर’ या नावाने, स्लायडर-क्रँक साखळीचं एक इन्व्हर्जन म्हणून फळ्यावर येतो. तिथे कोन काढायचे, गुणोत्तर काढायचं, पाच मार्क घ्यायचे. फळ्यावरचा लीव्हर म्हणजे शेडमधल्या त्या यंत्राच्या पोटात डुलणारा दांडा आहे, हे बहुतेकांना नोकरी लागल्यावर कळतं. काहींना कळतही नाही.

आता दोन्ही एकत्र ठेवून पाहू. क्रँकच्या केंद्रापासून लीव्हरच्या खालच्या खुंटीचं अंतर २०० मिमी आणि क्रँकची लांबी १०० मिमी धरली, तर परतीचा कोन १२० अंश येतो, कापण्याचा २४०. म्हणजे परतीला निम्मा वेळ. जॉब लहान आहे म्हणून कारागीर बुल गिअरवरची क्रँकपिन आत सरकवून स्ट्रोक कमी करतो. क्रँक ५० मिमीवर आली की गुणोत्तर दोनावरून जवळपास १.३८ वर घसरतं. लहान जॉबला क्विक रिटर्नचा फायदाच आटतो! हे सूत्रात पहिल्यापासून लिहिलेलं होतं, पण क्रँकची लांबी बदलता येते, नव्हे रोज बदलली जाते, हे यंत्राशी उभं राहिल्याशिवाय सुचत नाही. मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये रॅमचं चित्रण करून दोन्ही स्ट्रोकचे वेळ मोजायचे, स्ट्रोक बदलून पुन्हा मोजायचे आणि गणिताशी ताडून पाहायचे. वर एक पैसा खर्च नाही.

लेथचंही तेच. डाव्या अंगाचं झाकण काढलं की चेंज गिअर दिसतात. इंची लीड स्क्रूच्या जुन्या लेथबरोबर १२७ दात्यांचं एक चक्र येतं. हा विचित्र आकडा कशासाठी? एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७. ही संख्या मूळ आहे, तेव्हा तिला छोटं करण्याची सोय नाही. इंचाला चार आटे असलेल्या लीड स्क्रूवर २ मिमी पिचचा आटा कापायचा, तर गिअरचं प्रमाण येतं ४० ला १२७, अगदी तंतोतंत. गिअर ट्रेनचं प्रकरण इथून सुरू केलं तर मुलांना ते जन्मभर लक्षात राहील. आपण ते सुरू करतो चार वर्तुळं काढून आणि ‘ए चक्राला इतके दाते आहेत असे मानू’ असं म्हणून.

मानण्याचा हा रोग ड्रॉइंग शीटवर जास्त फोफावतो. टॉमच्या सबमिशनमध्ये व्हेलॉसिटी आणि अ‍ॅक्सिलरेशन डायग्राम, क्लाइनची रचना, कॅम प्रोफाइल अशा शीट असतात. हॉस्टेलवर दोन टेबलांमध्ये काच टाकून खालून दिवा लावतात आणि सीनियरची शीट ट्रेस करतात. त्याला ‘जीटी मारणं’ म्हणतात. मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कागदावरून कागदावरच जाणाऱ्या कॅमला ट्रेस करण्यापलीकडे काय करायचं? तोच कॅम पत्र्यातून लेझरने कापून घ्यायला लावा. फॉलोअर एकसमान वेगाने वर चढवणारा कॅम कोपऱ्यावर कसा धडकतो, सायक्लॉइडल कसा गुपचूप फिरतो, ते कानालाच कळेल. आणि स्वतः कापलेला कॅम दुसऱ्याकडून ट्रेस करता येत नाही.

शिकवणाऱ्यांच्याही दोन जाती आहेत, आणि त्यांच्यात रोटीव्यवहार कमीच. प्राध्यापक एम.टेक. होऊन थेट वर्गावर येतो. आयटीआय झालेला, वर्कशॉपमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेला इन्स्ट्रक्टर नुसत्या आवाजावरून सांगतो की टूलची धार गेली आहे; पण टेलरच्या टूल-लाइफ सूत्राशी त्याचा संबंध नाही, असं दोघंही धरून चालतात. खरं तर फ्रेडरिक टेलरने धातू कापण्यावरचा आपला प्रचंड प्रबंध १९०६ मध्ये मांडला तो शॉप फ्लोअरवरच्या वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून. हाय स्पीड स्टीलच्या टूलसाठी त्या सूत्रातला घातांक साधारण ०.१२५ धरला, तर वेग दुप्पट केल्यावर टूलचं आयुष्य २५६ पटींनी घटतं. इन्स्ट्रक्टर ‘स्पीड वाढवू नको रे’ म्हणून ओरडतो तेव्हा तो हाच आकडा सांगत असतो.

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्या मुलांची वर्गात उलटी पंचाईत होते. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब सेंटर कसा करायचा हे त्यांना येतं, डिफरन्शियल इक्वेशन दिसलं की धडकी भरते. बारावीहून आलेल्यांचं नेमकं याच्या उलट. एका बेंचवर या दोघांना बसवलं तर निम्मं काम झालं. आपण त्यांच्या स्वतंत्र बॅच पाडतो.

सीएनसीने प्रश्न सुटला, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. भोसरीत किंवा वाळूजमध्ये नोकरी हवी तर सीएनसी यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण सीएनसी काचेच्या दाराआड चालतं आणि त्याच्या हालचाली प्रोग्रामच्या ओळींत असतात. गती कशातून येते हे डोळ्यांना दिसावं, तर शेपर आणि जुना लेथच हवा. उद्योगातून शेपर जवळजवळ गेला म्हणून कॉलेजातूनही त्याला भंगारात काढण्याची घाई चालली आहे, ती मला अडाणीपणाची वाटते. शिकवायच्या यंत्राने उत्पादन द्यावं अशी अपेक्षा कशाला?

दोन्ही विषय खरोखर भेटतात ते अभ्यासक्रमाच्या बाहेर. बाजा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून होते. मुलं एका माणसाची ऑफ-रोड गाडी स्वतः बांधतात. सस्पेन्शनची लिंकेज संगणकावर सुंदर हलते, पण वेल्डिंगच्या उष्णतेने माउंटिंगचा पत्रा ओढला जातो आणि चाक वळवलं की आर्म रॉडला घासतो. मग ग्राइंडर घेऊन रात्र काढायची आणि पुढच्या वेळी वेल्डचा क्रम आधी ठरवायचा. सहनमर्यादा म्हणजे टॉलरन्स हा शब्द इथे पहिल्यांदा अंगाला लागतो. अडचण इतकीच की अशा संघात मुलं असतात मूठभर. वर्गातली बाकीची टाळ्या वाजवायला.

स्वायत्त कॉलेजांना हे वर्गात आणायला कुणाची परवानगी लागू नये. शेपर, चेंज गिअर आणि कॅम असे तीन प्रयोग दोन्ही विषयांत सामाईक करायचे, जर्नल एकच ठेवायचं आणि ओरलला प्राध्यापकाबरोबर इन्स्ट्रक्टरलाही गुण द्यायचा अधिकार द्यायचा. आक्षेप येईल तो वर्कलोडचा: एका प्रॅक्टिकलला दोघं उभे राहिले तर ते तास कुणाच्या नावावर मांडायचे? टाइमटेबलच्या तक्त्यात त्यासाठी अजून रकाना नाही.