हॅमची दुनिया (भाग ८) : डोंगरमाथ्यावरचा बहिरेपणा

रिपीटर म्हणजे काय, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. हातातल्या पाच वॉटच्या सेटचा आवाज डोंगरावर पकडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात सोडून द्यायचा. कल्पना एका ओळीत संपते. ती वर्षानुवर्षं चालती ठेवायची म्हटली, की रेडिओपेक्षा पाणी, गंज आणि बॅटरी यांच्याशीच जास्त गाठ पडते.

दोन मीटर बँडवर रिपीटरच्या ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींत अंतर असतं जेमतेम ६०० किलोहर्ट्‌झचं. अँटेना बहुधा एकच. तिच्यातून २५ वॉट बाहेर पडत असतानाच रिसीव्हरने ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकायचा असतो. शक्तीच्या हिशेबात पहिला दुसऱ्याच्या सुमारे तीन कोटी अब्ज पट! या दोघांना वेगळं ठेवतो डुप्लेक्सर. बाहेरून बघाल तर धातूचे चार किंवा सहा उभे डबे, अर्ध्या मीटरहून थोडे उंच, कारण आत पाव तरंगलांबीचा दांडा बसवलेला असतो. दांड्याच्या लांबीत जरासा फरक पडला तरी ट्यूनिंग सरकतं. म्हणून चांगल्या डुप्लेक्सरमध्ये तो हलवणारी सळई इन्व्हारची असते. हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू तापला तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही. त्याचे शोधकर्ते शार्ल एदुआर गियोम यांना निकेल-पोलादावरच्या कामासाठी १९२०चं भौतिकीचं नोबेल मिळालं. मोजायचं उपकरण हाताशी नसेल, तर डब्यांवरचे स्क्रू फिरवायच्या भानगडीत पडू नये. अंदाजपंचे ट्यूनिंग इथे चालत नाही.

हा समतोल ढळला की रिपीटर बहिरा होतो. सगळ्यांना तो ठणठणीत ऐकू येतो, त्याला मात्र लांबचं कोणी ऐकू येत नाही. परदेशातले हॅम अशा रिपीटरला मगर म्हणतात. जबडा मोठा, कान नावाला. तपासायची रीत सोपी आहे. एक कमजोर सिग्नल रिसीव्हरवर येऊ द्यायचा. ट्रान्समीटर बंद ठेवून ऐकायचं, मग चालू करून. चालू केल्यावर सिग्नल खरखरीत बुडाला, तर अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे सिग्नल हवेत न सोडता शक्ती जिरवणारा भार, लावून तेच पुन्हा करायचं. डमी लोडवर बरा आणि अँटेनावर वाईट असेल, तर डुप्लेक्सरवर संशय घेऊ नका. दोष केबलमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा टॉवरच्या एखाद्या गंजक्या सांध्यात आहे. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि आसपासचे सिग्नल मिसळून नवेच सिग्नल पैदा करतो.

केबलमधलं पाणी फार लबाड असतं. एसडब्ल्यूआर मीटर अँटेनाकडून परत येणारी शक्ती मोजतो. केबल भिजली की तिच्यात जातानाही शक्ती जिरते आणि परतीच्या वाटेवरही. मीटरपर्यंत परत काही पोचतच नाही. आकडा दिसतो झकास, पण अँटेना उपाशी. म्हणून मीटर खाली, खोलीत लावून समाधान मानू नये. वर अँटेनाच्या तोंडाशीही शक्ती मोजावी आणि ते काम मे महिन्यात उरकावं. सह्याद्रीच्या माथ्यावर एकदा पाऊस आडवा यायला लागला, की टॉवरवर चढण्याचा प्रश्नच उरत नाही. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर उन्हापासून वाचवणारी दुसरी टेप, आणि खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, भिंतीतून आत येत नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो. नुसतं व्होल्टेज बघून तिच्यावर विश्वास ठेवू नये. ट्रान्समीटर दाबून धरावा आणि काटा किती खाली येतो ते पाहावं. हॅमसॅट हा आपला ४२.५ किलोचा उपग्रह ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला आणि रिपीटरच्याच जातीचं काम त्याने नऊ वर्षांहून अधिक काळ केलं. २०१४ मध्ये तो थांबला, तो बॅटरीमुळेच.

आता पॅकेट, म्हणजे रेडिओवरून मजकूर छोट्या-छोट्या फ्रेममध्ये पाठवायची पद्धत. रिपीटरशेजारी पॅकेटचा डिजिपीटर, म्हणजे ऐकलेली फ्रेम पुन्हा पुढे पाठवणारं यंत्र, ठेवावा, असं माझं आग्रहाचं मत आहे. कारण निरोपांची ने-आण तो करतोच, शिवाय जागेची तब्येत सर्वांत आधी त्याला कळते. माणसाचा कान खरखरीतूनही वाक्य जुळवून घेतो. ‘जरा नॉइज आहे’ म्हणत आपण महिनोन्‌महिने काढतो. पॅकेटला ही सवलत नाही. १२०० आणि २२०० हर्ट्‌झचे दोन सूर आलटून पालटून वाजतात, प्रत्येक फ्रेमच्या शेवटी १६ बिटांची पडताळणी असते आणि एक बिट चुकलं तरी अख्खी फ्रेम केराच्या टोपलीत. मग तीच फ्रेम पुन्हा मागवली जाते. हे फेरे लॉगमध्ये दिसतात. ओळखीच्या स्टेशनचे फेरे वाढायला लागले, की समजावं, वर काहीतरी बिघडतंय.

मात्र निष्कर्षाची घाई नको. कड्यावरच्या डिजिपीटरला कोकणातलं स्टेशन ऐकू येतं आणि देशावरचंही. त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, त्यामुळे ते एकाच वेळी बोलतात आणि दोन्ही फ्रेम वाया जातात. फेरे वाढतात, पण यंत्र निर्दोष असतं. फरक वेळेवरून कळतो. टकरींचे फेरे संध्याकाळी, वर्दळीच्या तासांत वाढतात. पाणी शिरल्याचे फेरे पहाटे चार वाजता, चॅनेल मोकळा असतानाही तेवढेच असतात.

पुढच्या भागात वीज आणि अर्थिंग.