चांदीचा गरुड

अमेरिकेत चांदीचे एक मोठे नाणे निघते. त्यावर ‘एक डॉलर’ असे स्पष्ट लिहिलेले असते. पण एक डॉलर घेऊन तुम्ही ते विकत घ्यायला गेलात, तर कोणीही तुम्हाला ते देणार नाही. त्यातल्या नुसत्या चांदीचीच किंमत एका डॉलरच्या कितीतरी पट असते. मग सरकारने त्यावर एक डॉलर का लिहिले? चूक झाली म्हणावे, तर १९८६ पासून दरवर्षी तीच चूक होत आहे!

या नाण्याचे नाव ‘सिल्व्हर ईगल’, म्हणजे चांदीचा गरुड. त्याचे वजन ३१.१ ग्रॅम असते. जुन्या हिशेबाने हे पावणेतीन तोळ्यांना थोडे कमी भरेल. त्याच्या हजार भागांत ९९९ भाग चांदी असते. हे नाणे बाजारात भाजी घेण्यासाठी नाही. लोक ते बचत म्हणून विकत घेतात आणि जपून ठेवतात. त्याची किंमत चांदीच्या रोजच्या भावाप्रमाणे वरखाली होते.

तुम्ही म्हणाल, चांदीच हवी तर लगड का घेऊ नये? जरूर घ्यावी. पण लगड शुद्ध आहे का, वजन बरोबर आहे का, हे कोणी सांगायचे? उर्दूत आपण नाण्याला ‘सिक्का’ म्हणतो. मराठीत ‘शिक्का’ म्हणजे ठसा, मोहोर. दोन्ही शब्द मुळात एकच आहेत, आणि आपल्या कोड्याचे उत्तरही त्यांतच आहे. शिक्का उठला की धातूच्या वजनाची आणि शुद्धतेची जबाबदारी सरकारने घेतली. ‘एक डॉलर’ हे शब्द भाव सांगत नाहीत. ते सांगतात की हा तुकडा कायद्याने चलन आहे, आणि त्याची नक्कल करणे हा खोटी नाणी पाडण्याचा गुन्हा आहे.

आता नाण्याची दर्शनी बाजू पाहा. एक स्त्री उगवत्या सूर्याकडे चालली आहे. तिने राष्ट्रध्वज अंगाभोवती लपेटला आहे. एक हात पुढे पसरला आहे आणि दुसऱ्या हातात पानांच्या डहाळ्या आहेत. ही स्वातंत्र्याची मूर्ती. तिच्या डोक्यावर एक मऊ टोपी आहे. प्राचीन रोममध्ये गुलामाला मुक्त केले की तो टोपी घालत असे. तेव्हापासून टोपी ही स्वातंत्र्याची खूण मानली गेली. हे चित्र अडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराचे. तो जर्मनीत जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत आला. त्याने हे चित्र १९१६ मध्ये अर्ध्या डॉलरसाठी काढले होते. ते नाणे १९४७ पर्यंत निघत राहिले. अमेरिकेच्या सर्वांत सुंदर नाण्यांत त्याची गणना होते. मला विचाराल तर नाण्यावर राजाचे स्थिर मुंडके पाहण्यापेक्षा अशी चालणारी आकृती पाहणे केव्हाही बरे.

मागच्या बाजूला छातीवर ढाल असलेला गरुड होता. एका पंजात शांततेची ऑलिव्हची फांदी, दुसऱ्यात बाण, आणि वर तेरा तारे. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिची राज्ये तेरा होती. ही बाजू जॉन मर्कांटी यांनी काढली.

वाइनमनचा अर्धा डॉलर नवा होता, त्याच काळात अमेरिकेच्या चांदीचा आपल्या देशाशी संबंध आला. पहिले महायुद्ध चालू होते. आपल्या देशातून पुष्कळ माल बाहेर जात होता आणि त्याचे पैसे इथे रुपयांत द्यावे लागत. त्या वेळच्या नोटेवर वचन असे की मागताच चांदीचे रुपये मिळतील. १९१८ मध्ये युद्धाच्या वाईट बातम्या आल्या. मुंबईसारख्या शहरांत लोक नोटा घेऊन रुपये मागायला गर्दी करू लागले. सरकारजवळची चांदी मात्र संपत आली होती. वचन मोडले असते तर नोटेवर कोणी विश्वास ठेवला असता?

त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला. त्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवण्यात आले. त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटनने आपल्या देशासाठी घेतली. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींत तिचे रुपये पाडले गेले. एका डॉलरच्या चांदीतून दोन रुपये होऊन वर थोडी चांदी उरत असे. आमच्या दादीच्या पानदानात त्या काळातला एक रुपया असे. त्यावर पंचम जॉर्जचे मुंडके, आणि मागे आपल्याला वाचता येईल अशा लिपीत ‘यक रुपया’. तो आधी डॉलर असू शकेल, हे तिला कधी ठाऊक नव्हते.

पुढे चांदी महाग होत गेली. आपल्या रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने लहान नाण्यांतून चांदी काढून टाकली. सरकारी कोठारात मात्र संरक्षणाच्या गरजेसाठी चांदीचा मोठा साठा पडून होता. १९८१ मध्ये तो विकण्याचे ठरले, तेव्हा आयडाहो राज्यातले खाणवाले घाबरले. एवढी चांदी एकदम बाजारात आली तर भाव कोसळणार! त्या राज्याचे सिनेटर जेम्स मॅक्ल्युअर यांनी सुचवले, की चांदी तशीच विकण्यापेक्षा तिची नाणी करून विकावीत. १९८५ मध्ये तसा कायदा झाला. २९ ऑक्टोबर १९८६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पहिले नाणे पाडले गेले. म्हणजे स्वातंत्र्य आणि गरुड ही चित्रे नंतरची. आधी होती ती खाणवाल्यांची काळजी.

कोठारातली चांदी पुरेशी उरली नाही, तेव्हा २००२ मध्ये नवा कायदा करून बाजारातून चांदी घेण्याची परवानगी देण्यात आली. मागणी वाढतच गेली. एकट्या २०१५ मध्ये ४ कोटी ७० लाख नाणी विकली गेली.

२०२१ मध्ये मागची बाजू बदलली. आता एमिली डॅमस्ट्रा यांनी काढलेला गरुड आहे. तो ओकची फांदी पंजात धरून खाली उतरतो आहे, जणू घरट्यासाठीच नेतो आहे. शिवाय नाण्याच्या कडेवरील बारीक खाचांत एका ठिकाणी मुद्दाम खंड ठेवला आहे. नकली नाणे ओळखता यावे म्हणून ही युक्ती. हे नाणे कधी हातात आले, तर कडेवरून नख फिरवून पाहा.