सहा रकाने भरले म्हणजे चिंतन झालं?

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली आंतरवासिता २० आठवड्यांवर गेली. छात्राध्यापकांच्या पाठ टाचणाच्या वहीशेजारी चिंतनाची वहीही जाडजूड होऊ लागली. ती कशी लिहावी, यासाठी ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८चं चिंतनचक्र हमखास पुढे केलं जातं. त्याच्याभोवती गैरसमजही बरेच जमलेत.

‘मनात आलं ते उतरवलं की झालं चिंतन.’

चक्रात टप्पे सहा : काय घडलं, काय वाटलं, बरंवाईट काय, असं का झालं, काय उमगलं, पुढे काय करणार. भावनांच्या वाट्याला त्यातला एकच. वह्यांत मात्र पहिल्या दोन टप्प्यांतच पानं संपतात आणि ‘असं का झालं’साठी दोन ओळी उरतात. खरं शिकणं तर तिथेच असतं.

समजा, पालघर जिल्ह्यात तारापूर अणुऊर्जा केंद्राजवळच्या घिवलीत, या किनाऱ्यावरच्या गावात, एक छात्राध्यापिका सातवीला भरती-ओहोटीचा पाठ घेते आहे. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वीची सुबक आकृती. व्याख्या विचारली, वर्ग गप्प. संध्याकाळी वहीत ओळ पडते : ‘विद्यार्थ्यांना पूर्वज्ञान नव्हतं, वेळ कमी पडला.’ हे विश्लेषण नव्हे, हात झटकणं झालं. ‘का?’ आणखी दोनदा विचारलं तर निराळंच निघतं. ज्यांच्या घरच्या होड्या भरतीचं पाणी बघून निघतात, त्या पोरांना उधाण कधी आणि भांग कधी हे कुणी शिकवावं लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते : चतुर्थीला ३, अष्टमीला ६. हा हिशेब कोकण किनाऱ्यावर जुना आहे. म्हणजे पूर्वज्ञान होतं. प्रश्न तेवढा पुस्तकी विचारला गेला. एवढं कळलं की शेवटच्या टप्प्यात ‘पुढच्या वेळी अधिक तयारी करीन’ असं मोघम येत नाही. ‘सुरुवात आजच्या तिथीपासून करीन, भरतीची वेळ मुलांकडूनच काढून घेईन, आकृती नंतर’ असं नेमकं येतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे का सरकते, हे विचारलं की चंद्र आपसूक वर्गात येतो.

‘सहाही टप्पे हवेत, तेही सारख्या लांबीचे.’

तसा दंडक नाही. टेरी बोर्टन यांनी १९७० मध्ये तीनच प्रश्न दिले होते : काय, मग काय, आता काय. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी चिंतन लिहितात, तेही साधारण याच तीन प्रश्नांवर. कॉलेजने सहा मथळे मागितले तर ते जरूर द्यावेत, पण वर्णन चार ओळींत आटपून विश्लेषणाला पानभर जागा ठेवावी.

फजितीच लिहायची असते, हाही एक भ्रम. उत्तम झालेला पाठ का उत्तम झाला, हे सांगणं उलट जास्त अवघड. आणि ‘मी’ बिनधास्त वापरा. ‘अध्यापन करण्यात आले’ या भाषेत कोण चुकलं तेच दिसत नाही.

‘हे परदेशी खूळ आहे.’

साचा परदेशी, हे खरं. पण याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पालकांच्या माथी मारलं नाही. कारण शोधलं आणि बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. गिब्जचं चक्र यायला तेव्हा अजून काही दशकं अवकाश होता.

एक मात्र सांभाळा. ही वही मार्गदर्शकांपासून परीक्षकांपर्यंत बऱ्याच हातांतून जाते. मुलाचं नाव, घरची परिस्थिती त्यात लिहू नका. ‘एक विद्यार्थी’ एवढं पुरतं.