बघे पुढे का होत नाहीत?

अपघात झाला की मिनिटभरात कोंडाळे जमते, मोबाइल वर होतात. जखमीला उचलायला मात्र कोणी लवकर पुढे सरसावत नाही. मानसशास्त्रात हे वर्तन ‘बायस्टँडर इफेक्ट’ म्हणून ओळखले जाते.

त्याच्या अभ्यासाला निमित्त झाले एका खुनाचे. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी पाहत राहिले आणि हल्ला सुरू असताना कोणीही पोलिसांना कळवले नाही, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दोन आठवड्यांनी छापले. ही बातमी बरीच फुगवलेली होती. अनेकांच्या कानावर केवळ किंकाळ्या पडल्या होत्या, एकाने खिडकीतून हल्लेखोराला दरडावले होते आणि एक शेजारीण अखेरीस तिला धरून बसली होती. गाजली मात्र बातमीच.

तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने या संशोधकांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते. मध्येच एकाला फेफरे आल्याचा आवाज येई. तो आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. ‘ऐकणारे आपण एकटेच’ असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण झटका ओसरण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. न उठलेले निर्विकार होते असेही नाही. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. जबाबदारी वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही. शिवाय दुसरे शांत आहेत, म्हणजे काही गंभीर नसावे, असा अंदाज प्रत्येक जण बांधतो.

मात्र गर्दी नेहमीच निष्क्रिय नसते. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण २०१९ मध्ये तपासले गेले, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडल्याचे दिसले.

गर्दीत थिजणे वेगळे आणि दूरच्या दुःखाबद्दल भावना बोथट होणे वेगळे; त्याचे कारणही वेगळे आहे. पॉल स्लोव्हिक आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की उपासमार झालेल्या लाखोंच्या आकड्यांपेक्षा एका मुलीचे नाव आणि चेहरा समोर ठेवला तर लोक अधिक पैसे देतात. संख्या वाढली म्हणून कणव वाढत नाही. रोजच्या मृत्युवार्तांनी तर ती आटूही शकते.

भारतात या साऱ्यावर आणखी एक थर चढतो: पोलिसांच्या चौकशीच्या आणि कोर्टाच्या हेलपाट्यांच्या भीतीचा. इथल्या बघ्याला माणुसकी नाही म्हणण्यापेक्षा तो अनुभवाने शहाणा झाला आहे, हे निदान जास्त खरे. या भीतीवर कायद्याने उपाय केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही आणि रुग्णालय त्याच्याकडे दाखल करण्याचे पैसे मागू शकत नाही.

जबाबदारी विखुरण्यावरचा उतारा मात्र रस्त्यावरच करावा लागतो. ‘कोणीतरी फोन करा’ अशी हाक हवेत विरते. त्याऐवजी एकाकडे बोट दाखवावे: ‘ओ निळ्या शर्टवाले दादा, १०८ ला फोन लावा.’