तळहातावरचे लढाऊ विमान

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या ब्रिटिश 'स्पिटफायर' विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. तेच विमान आपल्या टेबलावर उतरते, तेव्हा भरते जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर! हे प्रमाण १:७२ चे. म्हणजे सहा फुटी माणूस एका इंचात मावतो. ब्रिटनच्या 'एअरफिक्स' कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायरचा प्लॅस्टिकचा संच काढला आणि लहानथोर या छंदाला लागले.

काम दिसते सोपे, पण चिकाटी हवी. चौकटीला जोडलेले सुटे भाग ओढून तोडू नका, कापून घ्या. कडा पॉलिश पेपरने घासा. चिकटद्रव्य प्लॅस्टिक विरघळवूनच सांधा जोडते, म्हणून थेंबभरच लावा. खिडकी उघडी ठेवा आणि मुलांजवळ मोठ्यांनी बसा.

खरा कस लागतो तो रंगात आणि चिन्हांत. ब्रिटिश हवाईदलाची १२४ वी तुकडी 'बडोदा स्क्वॉड्रन' म्हणून ओळखली जाई. गायकवाडांच्या संस्थानाने दिलेल्या देणगीची ती खूण. ही तुकडी स्पिटफायर उडवीत असे. भारतीय वैमानिकांनीही ब्रह्मदेशच्या आघाडीवर स्पिटफायर उडवली. तिथल्या विमानांवरच्या गोल चिन्हातून तांबडा रंग मुद्दाम वगळला होता. कारण तांबडा गोल ही जपानी विमानांची खूण, आणि घाईत आपल्याच विमानावर गोळी सुटण्याचे भय!

तेव्हा ब्रह्मदेशातले स्पिटफायर करणार असाल, तर तांबड्या रंगाची बाटली उघडू नका. त्या एका ठिपक्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून होता.